मूळव्याध, फिशर की भगंदर? शौचाच्या जागेचा त्रास कसा ओळखायचा आणि डॉक्टरांकडे कधी जायचं

शौचाच्या जागी काहीही झालं की आपल्याकडे एकच नाव ठरलेलं असतं: मूळव्याध. आग झाली, मूळव्याध. रक्त पडलं, मूळव्याध. गाठ लागली, पू आला, नुसती खाज सुटली, तरी मूळव्याधच. मग कुणीतरी सांगितलेलं मलम आणलं जातं, लाजेपोटी घरातही कुणाला कळू दिलं जात नाही, आणि महिनेच्या महिने निघून जातात. खरं म्हणजे त्या एवढ्याशा जागेत सात-आठ निरनिराळे आजार होतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. गळवाला कुठलंही मलम लागू पडत नाही. भगंदर, म्हणजे आतून बाहेरच्या त्वचेपर्यंत तयार झालेली नळी, गोळ्यांनी बुजत नाही. आणि मूळव्याध समजून ज्याकडे दुर्लक्ष झालं तो आतड्याचा कर्करोग निघाला, अशी माणसं प्रत्येक सर्जनच्या पाहण्यात असतात.

हा लेख दोन कामांसाठी वापरा. आपल्याला काय झालं असावं याचा अंदाज बांधायला, आणि डॉक्टरांकडे आज जायचं, या आठवड्यात जायचं की थोडे दिवस घरी उपाय करून पाहायचे, हे ठरवायला. पक्कं निदान तपासणीनंतरच होतं.

सुरुवातीलाच: यापैकी काही असेल तर पुढचं वाचत बसू नका

- रक्त थांबत नाहीये, गुठळ्या पडताहेत, किंवा रक्त गेल्यावर चक्कर, घाम, छातीत धडधड होते आहे.
- शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं होतं आहे. (लोहाच्या गोळ्या चालू असतील तरी शौच काळं होतं, पण ते असं चिकट नसतं आणि चक्कर येत नाही.)
- सतत ठणका आहे, सोबत ताप किंवा थंडी वाजते आहे.
- बाहेर आलेला कोंब आत जात नाही, सुजून काळा-निळा पडला आहे आणि असह्य दुखतो आहे.
- गुदद्वाराच्या दुखण्यासोबत लघवी अडकली आहे.
- मधुमेह आहे, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, आणि त्या भागात सूज, लाली वा काळसरपणा भराभर पसरतो आहे.

या सगळ्यात रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं. शेवटच्या परिस्थितीत तर काही तासांचा उशीरही जिवावर बेततो.

पहिली पायरी: दुखतं का, आणि नेमकं कधी?

गुदद्वारातून आत साधारण २ सेंटीमीटरवर अस्तराची एक दातेरी रेषा असते. त्या रेषेच्या वरच्या अस्तराला कापल्याची, टोचल्याची वेदना कळत नाही. रेषेखालच्या त्वचेला मात्र बारीकशी इजाही सोसत नाही. बाकी सगळं विसरलात तरी ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे बरेच फरक तिच्यावरूनच कळतात.

बाह्यरुग्ण विभागात रोज होणारा एक संवाद बघा.

“काय होतंय काका?”

“मूळव्याध आहे, डॉक्टर. दोन महिने झाले.”

“दुखतं?”

“फार. संडासला जायचं म्हटलं तरी भीती वाटते.”

“आणि जाऊन आल्यावर?”

“तेव्हा तर जास्तच. तासभर बसवत नाही.”

इथे तपासायच्या आधीच अंदाज येतो, की हे बहुधा फिशर आहे, म्हणजे गुदद्वाराच्या नाजूक त्वचेला पडलेली चीर. शौचाच्या वेळी काच कापत गेल्यासारखी कळ येते आणि नंतर काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत आग होत राहते. शौचाला गेलंच नाही तर फारसं दुखत नाही. म्हणून माणूस जायचं टाळतो, शौच आणखी कडक होतं आणि पुढच्या वेळी चीर पुन्हा उकलते. त्यात वेदनेमुळे तिथला स्नायू आवळून बसतो, त्या जागी रक्तपुरवठा कमी पडतो आणि जखम भरत नाही. असं हे चक्र चालू राहतं. सहा ते आठ आठवड्यांहून जुनं झालेलं फिशर आपसूक भरण्याची शक्यता बरीच कमी असते. तोवर चिरेच्या बाहेरच्या टोकाला कातडीचा एक छोटा लोंबता तुकडा तयार होतो. हाताला तो लागला की लोक त्यालाच मूळव्याधीचा कोंब समजतात.

बहुतेक फिशर मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेने, बरोबर मध्यरेषेवर असतात. स्त्रियांमध्ये काही वेळा पुढच्या बाजूलाही. चीर डाव्या-उजव्या कडेला असेल, एकाहून जास्त चिरा असतील किंवा चीर फारशी दुखतच नसेल, तर डॉक्टर क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार), क्षयरोग, लैंगिक संसर्ग किंवा कर्करोग यांचाही विचार करतात.

वेदनेच्या वेळेवरून आणखी तीन गोष्टी कळतात.

शौचाशी संबंध नाही, दिवसरात्र ठणका आहे, तो वाढतच चालला आहे, बसताना-खोकताना जास्त दुखतं: हे गळू असू शकतं. बाहेरून लालसर सूज दिसते, पण गळू खोलवर असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, नुसता ठणका आणि ताप असतो. नुसत्या प्रतिजैविकांवर ते बरं होईल अशी वाट पाहू नये. आत साठलेला पू छेद देऊन बाहेर काढावा लागतो, आणि तो काढला की त्याच दिवशी माणसाला आराम पडतो.

अचानक, एखाद्या दिवसात, गुदद्वाराच्या कडेला निळसर, टणक, दुखरी गाठ आली: ही बाहेरच्या शिरेत रक्त गोठल्याची खूण. पहिले दोन-तीन दिवस फार दुखतं, मग दुखणं हळूहळू उतरतं आणि गाठ काही आठवड्यांत विरते. पहिल्या ७२ तासांत फार त्रास असेल तर ती गाठ छोट्या शस्त्रक्रियेने काढता येते. नंतर मात्र सहसा शेक आणि वेदनाशामकांवर भागतं.

रात्री झोपेतून उठवणारा आतला तीव्र पेटका, जो काही सेकंदांत वा मिनिटांत थांबतो आणि मागे काहीच उरत नाही: हे स्नायूंचं आखडणं असतं. घाबरवणारं असलं तरी निरुपद्रवी. मात्र वारंवार होत असेल तर एकदा तपासून घ्यावं.

आणि काहीच दुखत नसेल तर? रक्त पडतं आहे पण वेदना नाही, तर आतली मूळव्याध असू शकते. पण दातेरी रेषेच्या वरचा कर्करोगही सुरुवातीला दुखत नाही. “दुखत तर नाहीये, मग कशाला जायचं” हे वाक्य मला सगळ्यांत जास्त काळजीत टाकतं.

दुसरी पायरी: रक्त नीट बघा

पाणी ओतण्याआधी एकदा खाली बघायची सवय लावा. किळस वाटली तरी चालेल, पण बघा. रंग कोणता, किती, आणि शौचावर आहे की शौचात मिसळलेलं, या तीन गोष्टी डॉक्टर विचारणारच.

लालभडक रक्त शौच झाल्यावर थेंबथेंब टपकतं किंवा पिचकारीसारखं उडतं आणि वेदना नसते, हे आतल्या मूळव्याधीचं ओळखीचं रूप. शौचाच्या एका कडेला रक्ताची रेघ, धुताना वा पुसताना थोडंसं लाल, आणि सोबत कळ, हे फिशरचं. रक्त गडद आहे, शौचात मिसळलंय, सोबत शेंबडासारखी आव पडते, तर त्रास आणखी वरून येतोय असं धरून चाला: आतड्याची सूज, संसर्ग, पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर वाढलेला मोड) किंवा कर्करोग.

बीट खाल्ल्यावर शौच लाल दिसतं, तेव्हा आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवून पाहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. पण “गोळ्यांमुळेच पडत असेल” असं ठरवून गप्प बसू नका आणि स्वतःहून त्या बंदही करू नका. अशा गोळ्या घेणाऱ्याला रक्त पडतं तेव्हाही आत कुठेतरी कारण असतं आणि ते शोधावं लागतं.

खाली दिलेल्यांपैकी एकही गोष्ट रक्तासोबत असेल तर या आठवड्यातच डॉक्टर गाठा:

- शौचाची सवय बदलून तीन आठवडे झाले आहेत; कधी पातळ, कधी बद्धकोष्ठ, वारंवार जावं लागणं.
- जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही, आत काहीतरी अडकलंय असं वाटत राहतं.
- वजन न प्रयत्न करता कमी झालंय, भूक मंदावली आहे.
- दम लागतो, थकवा आहे, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी आहे.
- आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता.
- वय पंचेचाळिशीच्या पुढे आहे आणि रक्त पहिल्यांदाच दिसतंय.

तरुणांनीही निर्धास्त राहू नये. अनेक देशांत गेल्या काही दशकांत पन्नाशीच्या आतल्यांमध्ये या कर्करोगाचं प्रमाण वाढलं आहे, आणि त्यांचं निदान उशिरा होण्याचं एक मोठं कारण हेच की रक्त मूळव्याधीचं समजलं जातं. आणखी एक: मूळव्याध खरोखरच असेल तरी ती आतल्या दुसऱ्या आजाराला अडवत नाही. दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात.

तिसरी पायरी: बाहेर काही येतं का?

मूळव्याधीचे कोंब म्हणजे बाहेरून उगवलेली काही वाढ नव्हे. शिरा आणि मऊ ऊतींच्या तीन गाद्या प्रत्येकाच्या गुदमार्गात जन्मापासून असतात आणि वारा, शौच रोखून धरायला त्या मदत करतात. वर्षानुवर्षं कुंथल्याने, गरोदरपणात किंवा वयानुसार आधार सैल झाला की त्या फुगतात आणि खाली सरकतात. डॉक्टर त्यांच्या चार पायऱ्या करतात. पहिलीत नुसतं रक्त, बाहेर काही नाही. दुसरीत कुंथताना बाहेर येतात आणि आपोआप आत जातात. तिसरीत बोटाने आत ढकलावं लागतं. चौथीत आत जातच नाहीत. तुमचा कोंब आत कसा जातो हे सांगितलंत की उपचाराचा अर्धा निर्णय होतो, म्हणून हे लाजू नका, सांगा.

वयस्कर माणसांत, विशेषतः स्त्रियांत, कधी कधी आतड्याचाच भाग बाहेर येतो. त्याला गुदभ्रंश म्हणतात. मूळव्याधीत वेगवेगळे फुगवटे आणि त्यांच्यामध्ये मध्याकडे जाणाऱ्या खाचा दिसतात. गुदभ्रंशात एकात एक अशी गोल वळ्यांची कडी दिसतात. स्वतःला दिसत नसेल तर बाहेर आलेलं असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तपासायच्या वेळी सगळं आत गेलेलं असतं, तेव्हा तो फोटो फार कामाला येतो.

फुलकोबीसारखे खरखरीत, अनेक छोटे मोड हे विषाणूमुळे होणारे चामखीळ असू शकतात. त्यांच्यावर मूळव्याधीची औषधं चालत नाहीत. कडक, न दुखणारी, वाढत जाणारी गाठ किंवा न भरणारा व्रण असेल तर लगेच दाखवायचा.

चौथी पायरी: पू, ओल आणि खाज

गुदद्वाराच्या बाजूला पुटकुळी येते, दुखते, फुटते, पू जातो, बरं वाटतं. काही आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा तेच. कपड्यांना डाग पडतात. हे भगंदर. आतल्या ग्रंथीत गळू झालेलं असतं, ते बाहेर फुटतं आणि आतून बाहेरच्या त्वचेपर्यंत एक नळी तयार होते. गळू झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना, साधारण एक तृतीयांश ते निम्म्यांना, पुढे भगंदर होतं. ही नळी मोठ्या माणसात औषधाने सहसा बुजत नाही, शस्त्रक्रियाच लागते. शौच रोखणाऱ्या स्नायूंमधून ती कशी जाते हे बघायला अनेकदा एमआरआय करतात, कारण घाईत चुकीचा स्नायू कापला गेला तर शौचावरचा ताबा जाऊ शकतो. वारंवार उलटणारं भगंदर असेल तर क्षयरोग आणि क्रोन्सची तपासणी करून घ्या.

पू येणारं छिद्र गुदद्वाराजवळ नसून वर, दोन ढुंगणांच्या घळीत माकडहाडापाशी असेल तर तो केसांमुळे होणारा पायलोनिडल सायनस असतो. तरुण पुरुषांत जास्त दिसतो. उपचार वेगळा, शस्त्रक्रियाही वेगळी.

खाजेबद्दल थोडक्यात: तिथे खाज सुटली की लोक साबण लावून घासतात, त्याने कातडी कोरडी पडते आणि खाज वाढते. नुसतं पाणी, हलक्या हाताने टिपून कोरडं करणं, सुती कपडे, एवढ्यानेच अनेकांची खाज थांबते. लहान मुलाला रात्रीच खाज येत असेल तर कृमी तपासा. घरातल्या सगळ्यांना औषध एकदम द्यावं लागतं.

पाचवी पायरी: घरी काय करायचं

वरची कोणतीही धोक्याची खूण नाही, वय कमी आहे आणि त्रास नुकताच सुरू झालाय, तर दोन आठवडे हे करून पाहा. मूळव्याध असो की फिशर, दोन्हींना याचा फायदाच होतो.

शौच मऊ ठेवणं हा सगळ्यात मोठा उपचार आहे. रोज २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत: पालेभाज्या, फळं, कडधान्यं, कोंड्यासकट धान्य. एकदम वाढवले तर पोट फुगतं, म्हणून आठवडाभरात हळूहळू वाढवा. तेवढं जमत नसेल तर इसबगोल घ्या, पण त्यावर भरपूर पाणी प्या. पाण्याशिवाय तो उलट अडकतो. फरक दिसायला काही आठवडे लागतात. दोन दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडू नका.

दुसरं, टबात किंवा पसरट भांड्यात सोसवेल इतक्या कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं बसा. दिवसातून दोन-तीनदा, आणि शौचानंतर एकदा नक्की. पाण्यात काही टाकायची गरज नाही. आवळलेला स्नायू सैल होतो, म्हणून फिशरमध्ये याने चटकन आराम मिळतो.

तिसरं, वेग आला की जा, आणि आत मोबाइल नेऊ नका. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा, पुन्हा वेग येईल तेव्हा जा. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येतील असं.

मलमांबद्दल सावध राहा. मूळव्याधीच्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. ते आठवड्याहून जास्त लावलं तर तिथली कातडी पातळ होते. फिशरसाठी नायट्रोग्लिसरीन किंवा डिल्टियाझेमचं मलम देतात, पण ते डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. नायट्रोग्लिसरीनने डोकं दुखतं, आणि लैंगिक ताठरतेसाठी सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने धोकादायकरीत्या उतरू शकतो.

दोन आठवड्यांत त्रास गेला नाही, किंवा जाऊन परत आला, तर दाखवा. रक्त पडलं असेल तर थांबलं तरी एकदा तपासून घ्या.

सहावी पायरी: तपासणीला जाताना

बहुतेकांचं पाऊल इथे अडतं, म्हणून काय होतं ते सविस्तर सांगतो. आधी कुटुंबाच्या डॉक्टरांकडे किंवा थेट जनरल सर्जनकडे जा. तुम्हाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. अंगावर चादर असते, गरज तेवढाच भाग उघडा केला जातो. आधी नुसतं बाहेरून बघतात; फिशर, गाठ, भगंदराचं छिद्र बहुतेकदा यातच दिसतं. मग हातमोजा घालून, वंगण लावून एक बोट आत घालतात. दडपल्यासारखं वाटतं, शौचाला लागल्याचा भास होतो, अर्ध्या मिनिटात संपतं. त्यानंतर प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी घालून आत बघतात, कारण आतली मूळव्याध बोटाला सहसा लागत नाही. फार दुखत असेल तर सांगा. ताज्या फिशरमध्ये आतली तपासणी पुढे ढकलली तरी चालते. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मागता येतात, तपासताना सोबत कुणीतरी असावं असाही आग्रह धरता येतो.

बाहेरून न बघता, एकही बोट न लावता कुणी “मूळव्याध आहे” म्हणून थेट शस्त्रक्रियेची तारीख देत असेल तर दुसरं मत घ्या. आणि अप्रशिक्षित माणसाकडून तिथे कसलंही इंजेक्शन किंवा जाळणारं औषध घेऊ नका. त्याने गुदद्वार आकसून कायमचं अरुंद झालेली माणसं उपचारांसाठी येतात.

मूळव्याध म्हणजे शस्त्रक्रिया हा समजही सोडा. पहिल्या पायऱ्यांत आहार आणि औषधांनी भागतं. त्यापुढे कोंबाच्या मुळाशी रबर बँड लावतात. दातेरी रेषेच्या वर लावला तर भूल न देताही फारसं दुखत नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीलाच सहसा शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो.

मुलं आणि गरोदर स्त्रिया

लहान मुलांत मूळव्याध क्वचितच असते. रडत, कुंथत कडक शौच आणि त्यावर रक्ताची रेघ, तर ते फिशर. न दुखता अधूनमधून लाल रक्त पडत असेल तर पॉलिप असू शकतो, दाखवा. तान्हं मूल मधूनमधून कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, उलट्या होतात आणि लाल जेलीसारखं शौच होतं, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. तडक रुग्णालयात न्या.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मूळव्याध आणि बाळंतपणानंतर फिशर अगदी नेहमीचं आहे. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचं काही आठवड्यांत ओसरतं. तोवर कोमट पाणी, तंतू आणि इसबगोल सुरक्षित आहेत. कुठलीही गोळी किंवा मलम मात्र डॉक्टरांना विचारूनच. बाळाच्या धावपळीत आईचं हे दुखणं मागे पडतं आणि सहा महिन्यांनी जुनं फिशर घेऊन ती येते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या भेटीतच हा विषय काढा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी.